अक्काच्या नावाआधीचं सौ.

आमच्याकडची लोकसभेची जागा पक्की. म्हणजे इतकी पक्की की तिथं शेंदूर फासून धोंडा उभा केला तरी लाखाच्या लीडनं निवडून येईल, असं आमचे भाऊजीच म्हणायचे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तिथले खासदार तेच, त्यामुळे हे बोलून झालं की स्वतःच्या छातीवर थाप मारून सांगायचे, "धोंडा बघायचाय? हा काय समोर बसलाय." माणूस दिलदार होता. गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून जरा आडवा होतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

जागेचं नाव लिहीत नाही. पक्षाचंही नाही. लिहून काय होणार आहे, सगळे एकाच माळेचे मणी.

तर पोटनिवडणूक लागली. इथं हिंदीत उपचुनाव म्हणतात. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, मराठी शब्दासाठी भांडायला कायम कमरेला पदर खोचून तयार. ते ड्रायव्हरला समजावत होते की पोटनिवडणूक म्हणजे मोठ्या निवडणुकीच्या पोटातली छोटी. त्यानं आरशातून बघत विचारलं, "अच्छा, पेट का चुनाव?" मी म्हटलं, हो बाबा, तसंच समज, फार चुकीचं नाही ते.

आमचे वडील नागपूरचे. राज्यं बदलली तेव्हा सरकारी ऑफिसं भोपाळला आली आणि त्यांच्या फायलींबरोबर वडीलही आले. आम्ही दोघी बहिणी इथं जन्मलो, इथल्या शाळेत हिंदीतून शिकलो. पण घरात पाऊल टाकून 'सब्जी' म्हटलं की आई डोळे वटारायची. भाजी म्हण, म्हणायची, सब्जी बाजारात ठेवून ये. भाऊजीही अशाच घरातले. मंडीदीपच्या एका कारखान्यात टेक्निशियन होते, युनियनमधून वर आले, आणि वर येता येता पार दिल्लीला गेले.

आणि इथं राहिली अक्का. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण बाहेर कुणाला ते कधी दिसलं नाही. भाऊजी दिल्लीत, नाहीतर दौऱ्यावर, नाहीतर लग्नांत. बिट्टन मार्केटच्या मागच्या त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत सकाळपासून माणसं बसलेली असायची, आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत अक्का. कुणाचं रेशन अडलंय, कुणाला हॉस्पिटलात खाट मिळत नाही, कुठल्या वस्तीत टँकर आलेला नाही. कुठल्या ऑफिसात कुणाला फोन करायचा आणि कुणाला नुसतं दटावायचं, सगळं तिच्या डोक्यात. लोक म्हणायचे, "भैया को छोड़ो, भाभी से कहो." भाऊजींना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं कौतुकही होतं. पण पाटीवर नाव त्यांचंच होतं.

भाऊजींना नेलं त्या दिवशी त्यांच्या नात्यातली एक काकू वाटीत पाणी आणि हातात कापसाचा बोळा घेऊन आतल्या खोलीत आली. कशासाठी, ते सगळ्यांना कळलं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, रडून डोळे सुजलेले, पण काकू वाकली तशी तिनं मान वर केली. "काकू, कपाळाला हात लावायचा नाही."

"अगं, रीत असते बाई," काकू म्हणाली.

"कुंकू मी चौथीत असल्यापासून लावते. ह्यांनी दिलेलं नव्हतं. ते गेले म्हणून त्यांच्याबरोबर धाडू कशाला?"

बाई गं, काय आवाज होता तो! काकूनं वाटी खाली ठेवली आणि तीच ढसाढसा रडायला लागली. अक्काची टिकली होती तशीच राहिली. मरून रंगाची, वाटाण्याएवढी. तेरावं झालं, तिचा मुलगा आला होता तो परत परदेशात गेला, आणि अक्का टिकली लावून पुन्हा बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसली. आमच्या मराठी मंडळात कुणी ब्र काढला नाही. उलट चारचौघींनी मला गाठून सांगितलं की अक्कांनी बरं केलं. मला फार अभिमान वाटला तिचा. आपण काही बोलायच्या आत ती करून मोकळी होते, लहानपणापासूनच.

मग प्रभारी आला. प्रभारी म्हणजे निवडणुकीपुरता वरून पाठवलेला माणूस. मला वाटलं होतं कुणी मिशीवाला दांडगा असेल. हा आपला तिशीतला, इस्त्रीचा कुडता, बिनसाखरेचा चहा, बोलणं लोण्यासारखं. सगळ्यांना वाकून नमस्कार. चिडायलाही जागा ठेवली नव्हती मेल्यानं. भाऊजींच्या फोटोसमोर डोळे मिटून उभा राहिला आणि मग म्हणाला, "भाभीजी, टिकट आपका है. ऊपर से तय हो गया."

अक्का हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. विचार करून सांगते म्हणाली. तो उठला, दारापर्यंत गेला, चपलेत पाय घालता घालता थांबला आणि स्वतःच्या कपाळाच्या मधोमध बोट टेकवून म्हणाला, "बस, एक छोटी-सी बात. ये बिंदी."

अक्काचा हात आपसूक टिकलीकडे गेला.

"फोटो में, पोस्टर में अच्छा नहीं लगेगा. और साड़ी थोड़ी सफेद-सी. लोग दूर से देखते हैं न, भाभीजी. हमदर्दी दिखनी चाहिए."

अक्कानं शांतपणे विचारलं, "सीट तो पक्की है न?"

"एकदम पक्की."

"फिर?"

"भाभीजी, मार्जिन." हे त्यानं इतक्या गरीब चेहऱ्यानं सांगितलं की जणू घरात कुणी आजारी आहे. "पिछली बार से कम आया तो ऊपर पूछेंगे. पंद्रह दिन की बात है. उसके बाद आपकी मर्जी."

तो गेल्यावर मी सुटलेच. म्हटलं, जिंकायचंच आहे तर टिकलीचं काय ह्यांना? धोंडा चालतो आणि टिकली चालत नाही? सांग त्याला, खुर्ची तुझ्याजवळच ठेव म्हणावं. मी बोलत होते आणि ती भाऊजींच्या फोटोचा हार सरळ करत होती. हार सरळच होता.

"मला हवी आहे ती जागा," ती म्हणाली.

मी समोरच्या खुर्चीत टेकले.

"तुला खोटं कशाला सांगू? मला हवी आहे. इतकी वर्षं सगळं मी केलं. एकदा तरी माझ्या नावावर करायचंय. आता नाही म्हटलं तर ते दुसरा कुणीतरी आणून बसवतील, आणि ही बाहेर बसणारी माणसं उद्या त्याच्या दारात उभी राहतील. त्याला वॉल्व्ह कुठला आणि वस्ती कुठली हेसुद्धा माहीत नसेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंधरा दिवस तर आहेत. निकालाच्या दिवशी लावीन."

आणि आरशासमोर जाऊन तिनं टिकली काढली. काढली आणि आरशाच्या कडेला चिकटवून ठेवली, आपण आंघोळीला जाताना ठेवतो तशी. तिच्या कपाळावर तेवढीच एक गोल जागा उजळ होती. इतक्या वर्षांत तिथं ऊन लागलेलंच नव्हतं.

मी प्रचारात तिच्याबरोबर रोज होते. घरून आमच्या नेहरू नगरातून निघायचं, तिला घ्यायचं, आणि मग ज्या गाडीत कोंबतील त्या गाडीत बसायचं. पक्षानं साड्या पाठवल्या होत्या, पांढऱ्या, बारीक राखी काठाच्या, कडक खळ घातलेल्या. अक्कानं जन्मात डोक्यावरून पदर घेतला नव्हता. आता घ्यावा लागला, आणि तो सारखा घसरायचा. एका कार्यकर्तीनं पिना आणून दिल्या.

कष्टाचं मला काही वाटलं नाही. अक्काला बोलू देत नव्हते, ते मला सहन होत नव्हतं. "भाभीजी बस हाथ जोड़ लें," एवढंच. मंडीदीपला कामगारांच्या वस्तीत एक बाई पुढं आली आणि म्हणाली, नळाला पाणी येत नाही, दोन घरं सोडून येतं, आमच्याकडे नाही. अक्काच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. ती म्हणाली, "वो मोड़ पर जो वाल्व है न, वो आधा ही खुलता है, मैंने पिछले साल—" तोवर माइक दुसऱ्याच्या हातात गेला होता आणि तो सांगत होता, "भाभी अभी गहरे दुख में हैं, भाभी कुछ बोल नहीं पाएँगी." त्या बाईनं पाण्याचं सोडून अक्काला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. फोटोवाले पुढं धावले.

असं प्रत्येक चौकात. भाऊजींचा भला मोठा फोटो, त्याला ताजा हार, आणि त्याच्याशेजारी अक्का. रोज चौकाचौकांत तिचा नवरा नव्यानं मरत होता. तिला सारखं सारखं रडता येत नसे. न रडलेला दिवस असला की प्रभारी संध्याकाळी काळजीनं विचारायचा, "भाभीजी की तबीयत ठीक है न?"

गाडीत ती पाणी प्यायची आणि अंगठ्यानं कपाळाच्या मधोमध चोळत राहायची. मी म्हटलं, दुखतंय का? म्हणाली, नाही गं, खाजतं. पदराची सवय नाही ना. मी मुकाट्यानं खिडकीबाहेर बघितलं. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं, तिला दिवसभर तेच बघावं लागायचं.

आता ते सौ.चं सांगते. त्यात आमच्या ह्यांचा हात होता.

आमचे हे सरकारी खात्यातून रिटायर झाल्यापासून मराठी मंडळाचे सेक्रेटरी. ऱ्हस्व-दीर्घ चुकला की जेवण जात नाही. मराठी मतं मुठीत बसतील एवढीच, तीही अक्कालाच पडणार, पण मंडळाचं कर्तव्य म्हणून ह्यांनी मराठीत एक पत्रक काढायचं ठरवलं. स्वतः मजकूर लिहिला, स्वतः प्रेसमध्ये जाऊन बसले, प्रुफं तपासली. रंग केशरी, अक्षर ठसठशीत. वरच्या ओळीत 'प्रत्येक मराठी मत', आणि खालच्या ओळीत 'सौ.' आणि पुढे अक्काचं पूर्ण नाव, मग 'यांनाच!'

तीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर अक्काचं नाव असंच छापलं गेलं होतं. सौ. आणि पुढे नाव. ह्यांच्या हातातून ते आपसूक आलं. मीही पत्रक बघितलं आणि मलाही काही खटकलं नाही. चूक म्हणावी तर कुणाचीच नाही, सगळ्यांचीच.

पत्रकं वाटायला पक्षाचे कार्यकर्ते होते. त्यांना मराठी येत नाही, पण लिपी एकच, वाचता येतं. विरुद्ध बाजूच्या माणसांनाही येतं. बिट्टन मार्केटला भाजीचा बाजार भरला होता तिथं कुणीतरी विरोधकानं ते पत्रक वाचलं. प्रत्येक मराठी मत, सौ. हिंदीत सौ म्हणजे शंभर! झालं. दर मराठी मताला शंभर रुपये मिळणार, असं उघड छापून वाटतायत म्हणून त्यानं मोबाइलवरून फोटोसकट तक्रार ठोकली.

मंडळाच्या हॉलवर आम्ही सगळे बसलो होतो, अक्काही होती, दुपारचे दोन घास खाऊन घेत होती. दारात सरकारी जीप थांबली आणि उडनदस्ता आत आला. म्हणजे निवडणुकीतले गैरप्रकार पकडायला ठेवलेलं पथक. एक अधिकारी, दोन शिपाई आणि व्हिडिओ काढणारा एकजण. अधिकाऱ्यानं पत्रक पुढं धरलं. "ये किसने छपवाया?"

आमचे हे उभे राहिले. हात धुतलेलाही नव्हता. "मैंने."

"सौ रुपये किस बात के?"

"कुठले सौ रुपये?" हे घाबरून मराठीतच बोलले. मग 'सौ.'चा घोळ लक्षात आला तसे हसायलाच लागले. मलाही हसू फुटलं. मी म्हटलं, साहेब, शंभर रुपयांत हल्ली मत सोडा, किलोभर मटार येत नाही. अधिकारीही जरा हसला. एक क्षण सगळा हॉल हसला. अक्कासुद्धा हसली. प्रचार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

"तो फिर ये सौ क्या है?"

"सर, ये शॉर्ट में है," हे म्हणाले. शिक्षकासारखा हात वर करून, अगदी उत्साहानं. "मराठी में ब्याहता स्त्री के नाम के आगे लिखते हैं. सौ. माने सौभाग्यवती."

अधिकाऱ्यानं पत्रकाकडे बघितलं. मग भाऊजींच्या पोस्टरकडे. मग पांढऱ्या साडीतल्या अक्काकडे. त्याला काही वाईट बोलायचं नव्हतं, त्याला खरंच समजत नव्हतं. "सौभाग्यवती? लेकिन इनके पति का तो देहांत हुआ है न? चुनाव तो उसी का है."

ह्यांचा वर केलेला हात तसाच राहिला. अधिकाऱ्याला आपण काय बोललो ते कळलं असावं. "माफ कीजिए, माताजी," म्हणाला, घाईघाईनं काहीतरी लिहून घेतलं आणि माणसं घेऊन निघून गेला. अक्कानं पानातली पोळी संपवली. तिच्यासमोरचं एक पत्रक उचललं, स्वतःचं नाव वाचलं, आणि ह्यांना म्हणाली, "अक्षर छान घेतलंत हो. ठसठशीत."

हे माझ्याकडे बघत होते. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ह्यांना असं कधी बघितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा झाला होता एकदम.

प्रभारी तासाभरात आला. ओरडला बिलकूल नाही. सगळी पत्रकं गोळा करवली आणि ह्यांना हात जोडून म्हणाला, "अंकल, सौ-वौ हटाइए. सीधा श्रीमती लिख दीजिए, जैसे सब लिखते हैं."

घरी जाताना गाडीत अक्का म्हणाली, "गंमत बघ. त्यांच्यात श्रीमती म्हणजे नवरा असलेली. आपल्यात श्रीमती लिहिलं की लोक समजतात, गेलाय. एकाच शब्दात दोन्हीकडची सोय झाली." मला ते ऐकून इतका राग आला! कुणाचा ते सांगता येईना. ह्यांचा नाही, त्या अधिकाऱ्याचा नाही, त्या इस्त्रीच्या कुडत्यातल्या प्रभारीचा तर रागच येत नाही कुणाला. तो मग मी ड्रायव्हरवर काढला, नीट चालव म्हणून. बिचारा नीटच चालवत होता.

निकाल लागला. भाऊजींना कधी पडलं नव्हतं एवढं लीड अक्काला पडलं. मतमोजणीच्या बाहेर ढोल, फटाके, गुलाल. अक्काच्या अंगावर मात्र कुणी गुलाल टाकला नाही, लांबूनच पायांवर वाहिला. प्रभारीनं पेढ्याचा तुकडा तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "देखा, भाभीजी?" मी घरी आल्या आल्या तिला म्हटलं, आता लाव. ती म्हणाली, "शपथ होऊ दे गं. दिल्लीत फोटो निघतील, पुन्हा पेपरवाले विचारतील." शपथ झाली. म्हणाली, एवढं अधिवेशन होऊ दे. मी म्हटलं, सरकारी काम आणि सहा महिने थांब, कपाळसुद्धा सरकारी झालं वाटतं तुझं! ती हसली नाही.

काम मात्र करत होती. मंडीदीपच्या त्या कोपऱ्यावरचा वॉल्व्ह बदलून घेतला, स्वतः उभी राहून. पण लोक येऊन बसायचे तेव्हा तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, आजारी माणसाशी बोलतो तसं. पूर्वी वचावचा भांडायचे. एकदा मला म्हणाली, "माझ्याशी कुणी भांडत नाही गं आता."

संक्रांतीनंतर मंडळाचं हळदीकुंकू होतं. बोलावणं तिला गेलंच होतं, प्रमुख पाहुण्या म्हणून. मी तिला घ्यायला गेले तर दारात उभी. पांढरी साडी नाही. आमसुली रंगाची नारायणपेठ, पदर खांद्यावर, डोकं उघडं, केसांत अबोलीचा छोटासा गजरा. मी बघतच राहिले. गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "आज लावून घेते. घरी आरशासमोर उभी राहिले होते, पण हात होईना. म्हटलं, तिथंच लावून घेऊ. आपल्या बायकांच्या हातून." मी तिचा हात घट्ट धरला. देवाशप्पथ, भाऊजी गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. वाटेत आम्ही दोघी काहीबाही बोलून खिदळत होतो, ड्रायव्हर आरशातून बघत होता.

हॉलमध्ये आम्ही शिरलो आणि बायका उठून उभ्या राहिल्या. पूर्वी "या अक्का, सरका गं जरा" म्हणून सतरंजीवर जागा करायच्या. आता पुढं एक खुर्ची मांडली होती, तिच्यावर पांढरा टॉवेल घातलेला. अक्का म्हणाली, मी खाली बसते, पण बसू देतंय कोण! ती खुर्चीत, मी शेजारच्या बाकावर. पक्षाचे दोनतीन फोटोवाले बाजूला उभे होते. तिळगूळ झाला, वाण झालं, आणि मग तबक घेऊन एक तरुण मुलगी रांगेनं हळदीकुंकू लावत निघाली. तिचे यजमान वर्षभरापूर्वीच बदलीवर इथं आलेले. गोड मुलगी आहे. मंडळाचं सगळं हौसेनं करते.

ती माझ्यासमोर आली. मला हळद लावली, कुंकू लावलं. मी सरकून तिला वाट दिली. अक्का खुर्चीत जराशी पुढं आली होती. तिनं कपाळावरची बट मागं सारली, डोळे मिटले आणि मान खाली वाकवली.

मुलगी थबकली. तिनं तबक डाव्या हातात घेतलं, वाकली, अक्काच्या पायांना उजवा हात लावला आणि पुढच्या बाईकडे वळली. तिला हळूच, अगदी आदरानं, सांगितलं, "मॅडमना नको. त्या पाळतात."

अक्काची मान तशीच वाकलेली. तिनं डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कोण पाळतं? काय पाळतं?" मी उठलेच. त्या मुलीच्या हातातून तबक ओढून घेतलं. ती कावरीबावरी झाली, म्हणाली, "काकू, सगळीकडे फोटो तसेच आहेत ना, मला वाटलं—" मी ऐकूनच घेतलं नाही. कुंकवात बोट बुडवलं आणि अक्काच्या समोर गेले.

अक्कानं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"राहू दे."

"अगं, तूच म्हणालीस ना गाडीत—"

"राहू दे म्हटलं ना," ती ओठ न हलवता म्हणाली, आणि खांद्यावरचा पदर डोक्यावरून ओढून घेतला. "फोटो काढतायत."